खेळाडूचा स्वभाव: सराव, दडपण आणि सत्काराचे हार

बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३० जुलै २०२२ रोजी सांगलीच्या संकेत सरगरने वेटलिफ्टिंगच्या ५५ किलो गटात स्नॅचमध्ये ११३ किलो आणि क्लीन अँड जर्कच्या पहिल्या प्रयत्नात १३५ किलो उचलले. एकूण २४८. पुढच्या दोन्ही प्रयत्नांना त्याने १३९ किलो लावले. दुसऱ्या प्रयत्नात कोपर दुखावलं, तिसराही फसला. मलेशियाच्या खेळाडूने एकूण २४९ करून सोनं नेलं आणि संकेतला रौप्य मिळालं. एका किलोचा फरक.

ते १३९ उचलले गेले असते तर बेरीज २५२ झाली असती आणि त्याच आकड्याला सगळ्यांनी छातीचा निर्णय म्हटलं असतं. फसले म्हणून कुणी उतावीळपणा म्हणेल. आपण बहुतेक वेळा निकाल बघतो आणि मागे जाऊन त्यातून स्वभाव काढतो. जिंकला की थंड डोक्याचा, हरला की दबावाखाली ढेपाळणारा. प्रतिस्पर्ध्याची चाल, दुखापत, तीन प्रयत्नांचा नियम, हे सगळं बाजूला पडतं. खेळाडूच्या स्वभावाबद्दल काही उपयोगी बोलायचं असेल तर आधी ही सवय सोडावी लागते.

मग स्वभावाचा खेळाशी संबंध नाही का? आहे. पदक कुणाला मिळेल हे स्वभाव सांगत नाही. कोणता खेळाडू कुठल्या बाजूने घसरेल, सरावात की सामन्याच्या आदल्या रात्री की जिंकल्यानंतरच्या महिन्यात, याचा अंदाज मात्र त्यावरून बऱ्यापैकी बांधता येतो. वस्तादाला, कोचला आणि आईवडिलांना उपयोग आहे तो याचा.

सोळा खोके आणि पाच पट्ट्या

मोबाइलवर फिरणाऱ्या 'तुमचा पर्सनॅलिटी टाइप कोणता' या चाचण्यांचं मूळ मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगच्या १९२१ मधल्या मांडणीत आहे. त्यावरून अमेरिकेत कॅथरिन ब्रिग्ज आणि तिची मुलगी इझाबेल मायर्स यांनी प्रश्नावली बनवली. अंतर्मुख की बहिर्मुख, विचाराने चालणारा की भावनेने, अशा चार जोड्या, त्यांची सोळा मिश्रणं आणि प्रत्येकाला चार अक्षरांचं नाव.

अडचण आहे ती मधल्या रेषेची. समजा गावातल्या सगळ्यांची उंची मोजली आणि १६५ सेंटिमीटरवर रेघ मारून वरच्यांना 'उंच' आणि खालच्यांना 'बुटके' म्हटलं. मग १६४ चा आणि १६६ चा माणूस दोन वेगळ्या जातींचे ठरतील आणि १६६ चा १८५ च्या जोडीला बसेल. स्वभावाचंही तसंच आहे. बहुतेक माणसं मध्याच्या आसपास असतात. म्हणून तीच चाचणी काही आठवड्यांनी पुन्हा दिली तर बऱ्याच जणांचं निदान एक अक्षर बदलतं. ज्या खोक्यात माणूस महिनाभर टिकत नाही, त्या खोक्यावरून त्याला कबड्डीत रेडर करायचं की डिफेंडर, हे ठरवू नये.

संशोधनात जास्त टिकलेली पद्धत पाच पट्ट्यांची आहे. शिस्त आणि नेटकेपणा ही एक. बहिर्मुखपणा दुसरी. इतरांशी जुळवून घेणं तिसरी. चौथी मनाचा हळवेपणा, म्हणजे काळजी, चिडचिड, निराशा किती लवकर उसळते ते. पाचवी नव्याची ओढ. प्रत्येक पट्टीवर प्रत्येक माणूस कुठेतरी असतो आणि त्याची जागा थोड्याफार फरकाने टिकून राहते. माणसामाणसांतल्या या फरकांपैकी साधारण निम्मा आनुवंशिक मानला जातो, बाकीचा अनुभवातून येतो.

कामगिरीवर या पट्ट्यांचा थेट परिणाम छोटा असतो, हेही स्पष्ट सांगायला हवं. १९७० च्या दशकात क्रीडा मानसशास्त्रज्ञ विल्यम मॉर्गन यांनी अव्वल खेळाडूंच्या मनःस्थितीचा एक आलेख मांडला: ताण, खिन्नता, राग, थकवा, गोंधळ सरासरीखाली आणि उत्साह एकटा वर, पाण्यातून डोकं काढलेल्या हिमनगासारखा. तो फार गाजला. नंतर १९९५ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले तेव्हा यशस्वी आणि कमी यशस्वी खेळाडूंमधल्या फरकाचा एक टक्काही त्यातून उलगडत नव्हता. आणि तो आलेख मुळात त्या दिवसाच्या मनःस्थितीचा होता, कायमच्या स्वभावाचा नव्हे.

सरावात काय गळतं

पाचांपैकी शिस्तीची पट्टी सर्वांत सातत्याने कामी येते. वेळेवर येणं, ठरलेले जोर-बैठका पूर्ण करणं, झोप, खुराक, डायरी, ही सगळी तिचीच कामं आहेत. पण ही पट्टी अगदी वर असलेल्या मुलांचा एक धोका तालमीत वर्षानुवर्षं दिसतो आणि त्याकडे दुर्लक्ष होतं. ही मुलं थांबत नाहीत. खांदा दुखतोय हे सांगत नाहीत, कारण सांगितलं तर सराव बुडेल. सुट्टीच्या दिवशी चोरून पळतात. आळशी मुलाला हाकलावं लागतं, तसं यांना धरून बसवावं लागतं, आणि आपल्याकडे धरून बसवण्याची रीत नाही.

इथे मत विचारू नये, नाडी बघावी. सकाळी जाग आल्यावर अंथरुणातून उठण्याआधी पूर्ण ६० सेकंद ठोके मोजून वहीत लिहायचे. आठवडाभरात स्वतःची सरासरी कळते. सलग दोन-तीन दिवस आकडा त्या सरासरीपेक्षा ८ ते १० ने जास्त आला तर त्या दिवशी हलका व्यायाम आणि झोप. अशा मुलाला 'विश्रांती घे' म्हटलेलं पटत नाही, वहीतला आकडा पटतो. विश्रांतीही त्याच्या वेळापत्रकात लिहून द्या, तो ती तितक्याच निष्ठेने पाळेल.

जुळवून घेणारं, गोड पोरगं कुस्तीत वेगळ्या ठिकाणी अडकतं. जोडीदाराला दुखेल म्हणून घिस्सा डाव अर्धाच मारतं, पट काढायला, म्हणजे पाय ओढून पाडायला, हात घालून सोडून देतं. वस्ताद म्हणतात, याच्यात आग नाही. आग नसते असं नाही, ओळखीच्या माणसावर ती काढायची त्याची तयारी नसते. त्याला ओरडून उपयोग होत नाही. मॅटवरची कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची असते, तेवढ्याच वेळाचं काम आकड्यात द्यावं: या सहा मिनिटांत चार वेळा पट काढायचा, निघाला की नाही ते बाहेर बसलेला मुलगा लिहील. काम वस्तादाने नेमून दिलं की मित्राला पाडल्याचं ओझं त्याच्यावर राहत नाही. आठवड्यातून दोनदा दुसऱ्या तालमीतला जोडीदार मिळाला तर उत्तम.

बहिर्मुख मुलांना एकट्याची लांब कामं जड जातात. यवतेश्वरच्या घाटात चौघांच्या टोळीने हसत चढणारा मुलगा एकटा सोडला की तिसऱ्या वळणावर चालायला लागतो. त्याला टोळी द्या, एवढंच. स्पर्धेत मात्र त्याच्या सुरुवातीकडे लक्ष हवं, कारण गर्दीचा आवाज त्याला उचलतो. माणमधल्या मोही गावच्या ललिता बाबरने २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकच्या प्राथमिक फेरीत ३००० मीटर स्टीपलचेस ९ मिनिटं १९.७६ सेकंदांत पूर्ण करून अंतिम फेरी गाठली आणि तिथे दहावी आली. ती गती किलोमीटरला सुमारे ३ मिनिटं ७ सेकंदांची पडते, वाटेत २८ अडथळे आणि ७ पाण्याच्या उड्या. अशा शर्यतीत पहिला किलोमीटर सात-आठ सेकंद जास्त वेगात गेला की शेवटच्या दोन पाण्याच्या उड्यांना पाय उचलत नाही. म्हणून जोशात सुटणाऱ्या धावपटूला 'सावकाश जा' सांगण्याऐवजी पहिल्या ४०० मीटरची वेळ सांगावी आणि सरावात ती पुन्हा पुन्हा घड्याळाशिवाय पळायला लावावी.

नव्याची ओढ असलेला खेळाडू डाव पटकन शिकतो आणि स्पर्धेच्या आठवड्यात नवीन काहीतरी करून बघतो. शेवटचे १४ दिवस तंत्रात बदल बंद, हा नियम खास त्याच्यासाठी.

दडपण: दोन वेगळे आजार, एकच नाव

'प्रेशर घेतलं' असं आपण सरसकट म्हणतो. त्यात दोन निराळ्या गोष्टी असतात. एकात शरीर जास्त तापतं: छातीत धडधड, तळव्याला घाम, नजर अरुंद, घाई. दुसऱ्यात शरीर ठीक असतं, पण खेळाडू स्वतःच्या हालचालीकडे बारकाईने बघायला लागतो. जे हजार वेळा आपोआप झालंय ते तो सुटं सुटं करून करतो आणि ते मोडतं. हळव्या स्वभावाच्या खेळाडूंना पहिला त्रास जास्त होतो, सतत स्वतःला तपासणाऱ्यांना दुसरा. उपायही वेगळे आहेत आणि ते उलटे केले तर नुकसान होतं.

साताऱ्याच्या अदिती स्वामीचा २०२३ चा बर्लिनमधला अंतिम सामना या दृष्टीने बघण्यासारखा आहे. कंपाउंड, म्हणजे चाकं लावलेल्या यांत्रिक धनुष्याच्या, धनुर्विद्येत १५ बाण, कमाल १५० गुण. मेक्सिकोच्या आंद्रेआ बेसेराविरुद्ध तिने १४९-१४७ असं जिंकून १७ व्या वर्षी वरिष्ठ गटाचं जगज्जेतेपद मिळवलं. १४९ म्हणजे चौदा दहा आणि एक नऊ. ५० मीटरवरचं दहाचं वर्तुळ ८ सेंटिमीटर व्यासाचं असतं आणि आलटून-पालटून मारताना एका बाणाला २० सेकंद मिळतात. ती स्वभावाने कशी आहे हे आपण बाहेरून सांगू नये. पण त्या २० सेकंदांत तिरंदाज काय करतो ते बघितलं तर दडपण कुठून शिरतं ते कळतं. पाय रोवणं, नॉक, म्हणजे बाणाच्या टोकाची खाच, दोरीला बसवणं, दोरी सोडणारं हातातलं यंत्र म्हणजे रिलीज लावणं, दोरी खेचून हनुवटीच्या जागेवर आणणं, दोरीतल्या छोट्या भोकातून (पीप) धनुष्यावरच्या भिंगाचं (स्कोप) वर्तुळ जुळवणं, धनुष्य सरळ आहे हे दाखवणारा बुडबुडा मध्ये आहे का बघणं, आणि मग पाठीच्या स्नायूंनी दाब वाढवत राहणं. रिलीज आपल्यालाही नकळत सुटायला हवं. घाबरलेला तिरंदाज दहाचा ठिपका दिसताक्षणी बोटाने ट्रिगर मारतो आणि बाण आठमध्ये जातो. याला तिरंदाज टार्गेट पॅनिक म्हणतात. एकदा लागलं की जास्त बाण मारून जात नाही, उलट मुरतं. लक्ष्याचा कागद काढून टाकायचा, पाच मीटरवरून कोऱ्या गादीवर फक्त दाब आणि सुटणं एवढंच करायचं, दोन-तीन आठवडे. गुण मोजणं पूर्ण बंद. कोच इथे घाई करतात, चार दिवसांत कागद परत लावतात आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं.

शरीर तापण्याच्या बाबतीत रशियन मानसशास्त्रज्ञ युरी हानिन यांची मांडणी फार कामाची आहे: प्रत्येकाचा स्वतःचा ताणाचा पट्टा असतो, कुणी दहापैकी ३ वर उत्तम खेळतो, कुणी ७ वर. म्हणून अख्ख्या संघाला एकच 'शांत राहा' सांगणं चूक आहे. ७ वाल्याला शांत केलं की तो झोपतो. पट्टा शोधायला डायरी पुरते. सामन्याच्या २० मिनिटं आधी ताण किती (० ते १०), अंगात जोर किती (० ते १०), आणि सामन्यानंतर आपला खेळ आपल्याच मापाने किती (० ते १०) एवढे तीन आकडे. हरलो की जिंकलो याने तिसरा आकडा ठरवायचा नाही. बारा-पंधरा सामन्यांनंतर सर्वांत चांगल्या चार दिवसांचे पहिले दोन आकडे बघा. ताण पट्ट्याच्या वर असेल तर चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, तीन मिनिटं. खाली असेल तर दोन छोट्या धावा, हातावर थापट्या, जोरात बोलणं.

स्वतःच्या हालचालीत अडकणाऱ्याला श्वास पुरत नाही. त्याचं लक्ष अंगाबाहेर न्यावं लागतं. 'गुडघा खाली ठेव' ऐवजी 'त्याचा घोटा बघ'. आणि कोपऱ्यातून एकच सूचना. पाच जणांनी पाच डाव ओरडले की आधीच विचारात पडलेला मुलगा संपतो.

आणखी एक जात आहे, सरावात टंगळमंगळ करणारी आणि जत्रेच्या मैदानात हलगी घुमली की अंगात आल्यासारखी लढणारी. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत हेच दिसलं होतं: स्वतःच्या मोठेपणाची ओढ असलेली माणसं, कौतुकाची संधी असेल तेव्हाच जीव तोडून काम करतात. त्यांना नम्रतेचे धडे देत बसण्यापेक्षा सराव लोकांसमोर ठेवावा, फळ्यावर गुण लिहावेत. कुंडलच्या कुस्ती मैदानात दिसणारा जोर मंगळवारच्या सरावात हवा असेल तर मंगळवारीही कुणीतरी बघणारं लागतं.

गावाने डोक्यावर घेतल्यावर

क्रिकेटपटू विजय हजारे १९१५ मध्ये सांगलीत जन्मले. ब्रॅडमनच्या ऑस्ट्रेलियाविरुद्ध ॲडलेडला एकाच कसोटीत ११६ आणि १४५ अशी दोन शतकं त्यांनी काढली. माणूस अतिशय अबोल, आणि संघाची धुरा त्यांच्याकडे आली. भारताचा पहिला कसोटी विजय १९५२ मध्ये मद्रासला त्यांच्याच नेतृत्वाखाली आला, तरीही कप्तानपद त्यांच्या स्वभावाला मानवलं नाही असंच क्रिकेटच्या जाणकारांनी लिहून ठेवलंय. सर्वांत चांगला खेळाडू म्हणजे सर्वांत चांगला कप्तान, हे गृहीतक शाळेच्या कबड्डी संघापासून वरपर्यंत आजही चालू आहे. कप्तानाला बोलावं लागतं, नाराजी घ्यावी लागते, पंचांशी वाद घालावा लागतो. अबोल खेळाडू हे करू शकतो, पण त्यात त्याची शक्ती खर्च होते आणि ती कुठेतरी भरून काढावी लागते.

गोळेश्वरचे कुस्तीगीर खाशाबा जाधव १९५२ ला हेलसिंकी ऑलिंपिकहून कांस्य घेऊन आले तेव्हा कराडला शे-दीडशे बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. ती संपली आणि ते आपल्या कामाला लागले. आजच्या खेळाडूची मिरवणूक संपत नाही, ती फोनमध्ये चालू राहते. पदकानंतरच्या पंधरवड्यात पंचायत, शाळा, दोन-चार पक्षांची व्यासपीठं, गणेश मंडळं, पतसंस्था, युट्यूब चॅनेलवाले, सगळे येतात. सगळ्यांचं प्रेम खरं असतं. आणि इथेच स्वभावाच्या त्याच पट्ट्या दुसऱ्या बाजूने चावतात. जे गोड पोरगं जोडीदाराला पाडत नव्हतं, त्याला आता नाही म्हणता येत नाही. दिवसाला चार सत्कार, बाहेरचं जेवण, सराव बंद, महिन्याने वजन पाच किलो वर. बोलघेवडा मुलगा माइकवर 'पुढच्या वर्षी गदा आणणारच' म्हणून जातो आणि वर्षभर ते वाक्य गळ्यात घेऊन फिरतो. अबोल मुलगी मान खाली घालून दोन शब्द बोलते तर लोक म्हणतात, डोक्यात हवा गेली. हे शेवटचं फार अन्यायाचं आहे. गर्दीत गप्प राहणं आणि गर्व यांचा काही संबंध नाही.

टेनिसपटू नाओमी ओसाकाने २०२१ मध्ये फ्रेंच ओपनला पत्रकार परिषद टाळली, तिला १५ हजार डॉलर दंड झाला आणि तिने स्पर्धाच सोडली. आपण अंतर्मुख आहोत आणि २०१८ पासून नैराश्याशी झगडतोय, हे तिने जाहीर सांगितलं. दोन्ही गोष्टी तिने वेगवेगळ्या सांगितल्या होत्या आणि त्या वेगळ्याच धरायला हव्यात. अंतर्मुखपणा हा आजार नाही. नैराश्य आहे.

घरच्यांनी करायच्या गोष्टी साध्या आहेत, पण पदकाच्या आधी ठरवाव्या लागतात. निमंत्रणं घेणारा माणूस एकच, आणि तो खेळाडू नव्हे. काका, मोठा भाऊ, कोच, कुणीही, ज्याला वाईटपणा घेता येतो. पहिल्या दहा दिवसांत सगळे सत्कार दोन-तीन दिवसांत बसवावेत, गावाचा एकच एकत्र. सकाळचा सराव झाल्याशिवाय हार घ्यायचा नाही. अबोल खेळाडूसाठी तीन वाक्यं पाठ: कुणाचे आभार, स्पर्धेतली एक गोष्ट, पुढची स्पर्धा कोणती. तेवढं बोलून नमस्कार केला तर कुणालाही उद्धट वाटत नाही. मोठ्या कार्यक्रमानंतर त्याला तासभर एकटं सोडा, पाहुण्यांच्या पंक्तीत वाढायला उभं करू नका. हळव्या खेळाडूचं सोशल मीडिया खातं स्पर्धेच्या ४८ तास आधीपासून दुसऱ्याच्या फोनवर असावं. प्रतिक्रिया त्याने वाचायच्याच नाहीत, चांगल्याही नाहीत, कारण चांगल्या शोधताना वाईट सापडतातच.

चाचणी घ्यायची तर

निवडीसाठी घेऊ नये. निवड पणाला लागली की मुलं जे शोभेल ते लिहितात. 'मी सहज घाबरतो' यापुढे कोण 'हो' लिहील? शिवाय पंधरा-सोळाव्या वर्षीचा स्वभाव अजून घडत असतो. विशीत बहुतेकांची शिस्त वाढते आणि मन स्थिर होतं. पंधराव्या वर्षी ज्याला चंचल म्हणून बाजूला काढलं, तो बावीसाव्या वर्षी वेगळा असू शकतो.

प्रश्नावली द्यायची तर समजणाऱ्या मराठीत, आणि निकाल खेळाडूला आधी दाखवावा. त्याहून सोपी पद्धत म्हणजे तिघांनी, खेळाडू, कोच आणि खोलीतला जोडीदार, महिनाभर फक्त घडलेलं लिहायचं. 'आळशी आहे' हे नोंदवायचं नाही. 'सहाच्या सरावाला या आठवड्यात दोनदा पावणेसातला आला' हे नोंदवायचं. तिघांच्या वह्या शेजारी ठेवल्या की जे तिन्हीत सापडेल तेवढंच खरं धरायचं. बऱ्याचदा उशिरा येण्याचं कारण स्वभाव नसतोच, पहिली एसटी उशिरा सुटते.

आणि काही गोष्टी स्वभावाच्या खात्यात टाकूच नयेत. सलग दोन आठवडे झोप उडालेली, जेवण गेलेलं, आवडत्या खेळात मन नाही, जगण्याला अर्थ नाही असं बोलणं. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमधल्या सुवर्णपदकानंतर नेमबाज अभिनव बिंद्राला नैराश्याने गाठलं होतं आणि त्याने ते स्वतः जाहीर सांगितलंय, म्हणजे हे हरलेल्यांनाच होतं असंही नाही. अशा वेळी 'तो पहिल्यापासून असाच आहे' म्हणत थांबू नका. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात घेऊन जा, किंवा सरकारच्या टेली मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन लावा. तो दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.